सी किंवा असेम्ब्लीतून नेटवर्क इंटरफेसला आयपी पत्ता देणं: क्रम चुकला की काय होतं आणि तो कसा चुकवायचा नाही

अंबडच्या एका वर्कशॉपमधून दर दोन-तीन दिवसांनी फोन यायचा. "सर, लाइट गेली होती, बोर्ड परत बंद पडला." बोर्ड बंद पडलेला नसायचा. दिवे लुकलुकायचे, शेजारच्या मशिनवरून पिंग लागायचा, फक्त दुसऱ्या इमारतीतल्या सर्व्हरकडे डेटा जायचा नाही. तिथला मुलगा लॅपटॉप घेऊन जायचा, बोर्डवरचा आमचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि सगळं सुरळीत. सगळ्यांनी दोष लाइटला दिला. मीही दिला, खोटं कशाला बोलू.

दोष प्रोग्रॅमच्या दोन ओळींच्या क्रमाचा होता. मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) आधी, पत्ता नंतर. सातपूरच्या आमच्या टेबलावर १९२.१६८.१ च्या नेटवर्कमध्ये तोच प्रोग्रॅम महिनाभर बिनबोभाट चालला होता. नंतर शिकाऊ मुलांचे प्रोग्रॅम तपासताना हीच चूक मला इतक्यांदा दिसली की शेवटी हे लिहायला बसलो.

पुढचं सगळं लिनक्सवरचं आहे. हाकांची, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) काम सांगणाऱ्या कॉलची, नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय आणि सोबत हेक्स आकडा देतोय. हेडर फाइलमध्ये आकड्यावरून शोधलं की नेमकं स्पेलिंग सापडेल.

## तयारी: कोडला हात लावण्याआधी

१. पाच गोष्टी कागदावर लिहा. इंटरफेसचं नाव, पत्ता, मास्क, ब्रॉडकास्ट (नेटवर्कमधल्या सगळ्यांना उद्देशून असलेला पत्ता), गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा राउटर). उदाहरणासाठी मी अंबडचेच आकडे घेतो: पत्ता १०.२०.३०.४०, मास्क २५५.२५५.२५५.०, ब्रॉडकास्ट १०.२०.३०.२५५, गेटवे १०.२०.३०.१. आणि सहावी गोष्ट, जी कोणी लिहीत नाही: गेटवेच्या पलीकडचा एक खरा पत्ता. आमचा सर्व्हर १०.५०.१.५ वर होता. तपासणी त्याच्यावरच करायची, शेजाऱ्यावर नाही.

२. सरावाला १९२.१६८ घेऊ नका. का, ते सहाव्या टप्प्यात येईल. आत्ता एवढंच, की घरच्या राउटरचं नेटवर्क ही चूक झाकून ठेवतं.

३. इंटरफेसवर दुसरा कोणी मालक आहे का बघा. नेटवर्कमॅनेजर, सिस्टमडी-नेटवर्कडी किंवा डीएचसीपीचा एखादा क्लायंट चालू असेल तर तुम्ही दिलेला पत्ता तो थोड्या वेळानं गुपचूप बदलू शकतो. रास्पबेरी पाय ओएसमध्ये २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्कमॅनेजर आहे. जुन्या लेखांत सांगितलेली डीएचसीपीसीडीची फाइल बदलून तिथे काही होत नाही. त्या एका इंटरफेसपुरतं नेटवर्कमॅनेजरला "याला हात लावू नकोस" असं सांगा. पूर्ण सेवा बंद करण्याची गरज नसते.

४. अधिकार. पत्ता वाचायला कोणालाही परवानगी आहे. लिहायला कॅप-नेट-अ‍ॅडमिन हा अधिकार लागतो. सुडोनं चालवा, किंवा सेटकॅपनं फक्त तेवढा अधिकार बायनरीला द्या. एक गंमत लक्षात ठेवा: नव्यानं कंपाइल केलं की बायनरी नवी होते आणि सेटकॅपनं दिलेला अधिकार जातो. "काल चालत होतं" या तक्रारींतल्या बऱ्याच या जातीच्या असतात.

> थांबा. ज्या इंटरफेसवरून तुम्ही एसएसएच करून आत आला आहात, त्याचाच पत्ता प्रोग्रॅमनं बदलायचा असेल तर आधी दोन मिनिटांनी जुना पत्ता परत लावणारी एक स्क्रिप्ट मागे सोडून ठेवा. सगळं नीट झालं तर ती मारून टाका. नाहीतर एका चुकीच्या बाइटसाठी नाशिकहून सिन्नरची एक फेरी ठरलेली.

## टप्पा १: सरावाचं मैदान

खऱ्या इंटरफेसवर प्रयोग करू नका. सुडोनं "अनशेअर" चालवून वेगळी नेटवर्क नेमस्पेस (बाकीच्यांपासून अलग ठेवलेलं नेटवर्क) असलेला शेल उघडा. आत फक्त लूपबॅक दिसेल, तोही बंद. तिथे वेथची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या आभासी इंटरफेसची, एक जोडी तयार करा, व्ही० आणि व्ही१. दुसरं टोक चालू करून ठेवा. आता व्ही० वर हवा तेवढा धिंगाणा घाला. शेल बंद केला की सगळं नाहीसं, पुन्हा उघडला की कोरी पाटी.

ही कोरी पाटी फार महत्त्वाची आहे. आमची चूक फक्त कोऱ्या इंटरफेसवरच दिसत होती, आणि आम्ही टेबलावर एकदा बोर्ड चालू केला की प्रोग्रॅमच पुन्हा पुन्हा चालवत बसायचो. म्हणून नियम करा: प्रत्येक चाचणी नव्या नेमस्पेसमध्ये.

## टप्पा २: सॉकेट उघडणं

पत्ता, मास्क वगैरे वाचायची-लिहायची हाक आयओसीटीएल (पुढचे हेक्स आकडे तिलाच द्यायचे), आणि तिला कुठलातरी सॉकेट लागतो. त्यावरून डेटा जाणार नसतो. कर्नलच्या नेटवर्क विभागात शिरायचं ते नुसतं दार आहे. कुटुंब एएफ-आयनेट म्हणजे २, प्रकार डेटाग्राम म्हणजे २, प्रोटोकॉल ०.

असेम्ब्लीत लिहिणाऱ्यांसाठी, ६४-बिट इंटेलवर: सॉकेटचा सिस्कॉल (कर्नलला थेट हाक) क्रमांक ४१, आयओसीटीएलचा १६, क्लोजचा ३. क्रमांक आरएएक्समध्ये, पुढचे तीन घटक आरडीआय, आरएसआय, आरडीएक्समध्ये. हाक मारल्यावर आरसीएक्स आणि आर११ यांच्यातलं काहीही टिकत नाही. लूपचा काउंटर आरसीएक्समध्ये ठेवून "फक्त पहिलाच इंटरफेस सेट होतो" म्हणणारे मी पाहिलेत. ६४-बिट आर्मवर क्रमांक वेगळे आहेत: सॉकेट १९८, आयओसीटीएल २९. इंटेलचं कोष्टक समोर ठेवून रास्पबेरी पायसाठी लिहू नका.

तपासणी: सी लायब्ररी चूक झाल्यावर उणे एक देते आणि खरा आकडा एररनोमध्ये ठेवते. थेट सिस्कॉलमध्ये एररनो नसतंच. उत्तर म्हणून उणे १९, उणे २२ असा आकडाच परत येतो. तिथे "उणे एक आहे का" असं तपासलंत तर फक्त परवानगी नाकारल्याची चूक पकडली जाईल, कारण तिचा क्रमांक १ आहे. बाकी सगळ्या निसटतील. "शून्यापेक्षा कमी आहे का" असं तपासा.

## टप्पा ३: चाळीस बाइटचा डबा

कर्नलला जे द्यायचं ते आयएफ-रेक या स्ट्रक्चरमध्ये भरून. ६४-बिट यंत्रावर त्याचा आकार ४० बाइट, ३२-बिटवर ३२. आतली मांडणी एकदा डोळ्यांनी बघून घ्या:

- बाइट ० ते १५: इंटरफेसचं नाव
- बाइट १६ आणि १७: पत्त्याचं कुटुंब
- बाइट १८ आणि १९: पोर्ट, इथे शून्यच
- बाइट २० ते २३: आयपी पत्ता
- उरलेले: शून्य

असेम्ब्लीवाले बरेचदा नाव १६ आणि पत्ता १६ अशी बेरीज करून ३२ बाइटच राखून ठेवतात. पाठवताना त्याचं काही बिघडत नाही. पण माहिती मागवणाऱ्या हाकेत कर्नल पूर्ण ४० बाइट परत लिहितो आणि स्टॅकवर शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी आठ बाइटांवर बोळा फिरवतो. मग तुम्ही तासभर भलतीकडेच शोधत बसता.

नावाला १६ जागा आहेत, पण शेवटी शून्य लागतं, म्हणून खरी अक्षरं १५. यूएसबीच्या नेटवर्क अडॅप्टरला मिळणारी नावं, म्हणजे पुढे तीन अक्षरं आणि मागे मॅक पत्त्याचे बारा हेक्स अंक, मोजून १५ भरतात. त्याला पुढे कोलन लावून उपनाव द्यायला जागाच उरत नाही. मूळ नावच मधे कापलं गेलं तर कर्नल त्या अर्धवट नावाचा इंटरफेस शोधतो आणि १९ देतो: असं उपकरण नाही.

डबा प्रत्येक हाकेआधी पूर्ण पुसा. नाव पुन्हा भरा, कुटुंब पुन्हा भरा. हे का, ते फ्लॅगच्या टप्प्यात कळेल. आत्ता एक छोटं फंक्शन लिहून ठेवा: डबा शून्य करा, नाव ठेवा, कुटुंब २ ठेवा, दिलेला पत्ता ठेवा. पत्ता, मास्क, ब्रॉडकास्ट, तिन्हींना तेच वापरा.

## टप्पा ४: बाइटांचा क्रम

पत्ता नेटवर्कच्या क्रमानं, म्हणजे मोठा बाइट आधी. मेमरीत १०.२०.३०.४० हे १०, २०, ३०, ४० असंच दिसलं पाहिजे. आयनेट-पीटॉन वापरलं तर ते काम होऊन येतं. हातानं पूर्णांक लिहीत असाल तर एच-टू-एन-एल मधून काढा. असेम्ब्लीत सगळ्यात सोपं म्हणजे पूर्णांक लिहायचाच नाही, चार स्वतंत्र बाइट लिहायचे.

कुटुंब मात्र यंत्राच्या स्वतःच्या क्रमानं. "नेटवर्कचं म्हणजे सगळंच उलटं" असं समजून कुटुंबही उलटवलं की २ चे ५१२ होतात आणि कर्नल २२ देतो.

मास्क उलटा गेला तर कर्नल पकडतो. २५५.२५५.२५५.० चं ०.२५५.२५५.२५५ होतं, एकचे बिट डावीकडून सुरू होत नाहीत, लगेच २२. पण पत्ता उलटा गेला तर तो ४०.३०.२०.१० असा अगदी सभ्य दिसणारा पत्ता होतो आणि कर्नल तो आनंदानं स्वीकारतो. म्हणून मास्क मान्य झाला याचा अर्थ पत्ता बरोबर गेला असा होत नाही.

## टप्पा ५: पत्ता लिहा

एसआयओसी-एस-आयएफ-अ‍ॅडर, हेक्स ८९१६. डबा भरा, हाक मारा, उत्तर तपासा.

या हाकेत तीन गोष्टी गुपचूप घडतात:

पहिली, त्या नावावर आधी वेगळा पत्ता असेल तर तो काढून टाकला जातो. ही हाक पत्ता वाढवत नाही, बदलते. त्या इंटरफेसवर त्याच सबनेटमधले दुय्यम पत्ते असतील तर मूळ पत्त्यासोबत तेही जातात, दुय्यमाला बढती देणारी सेटिंग चालू नसेल तर.

दुसरी, ०.०.०.० दिलं की पत्ता पुसला जातो आणि उत्तर यशाचं येतं. कॉन्फिग फाइल वाचता आली नाही आणि तुमचं व्हेरिएबल शून्यच राहिलं, तर प्रोग्रॅम "यशस्वी" म्हणत बोर्डचा पत्ता काढून टाकेल. हाकेआधी शून्य आहे का ते बघा.

तिसरी सगळ्यात वाईट, तिला स्वतंत्र टप्पा.

## टप्पा ६: मास्क, आणि इथेच सगळे घसरतात

पत्ता लिहिताच कर्नल मास्कही स्वतःच ठरवतो, आणि तोही जुन्या अ, ब, क वर्गांच्या हिशेबानं. १० नं सुरू होणारा पत्ता अ वर्गाचा, त्याला ८ बिटांचा मास्क, म्हणजे २५५.०.०.०. १७२.१६ चा ब वर्ग, १६ बिट. १९२.१६८ चा क वर्ग, २४ बिट, म्हणजे २५५.२५५.२५५.०.

आता घरच्या राउटरकडे बघा. १९२.१६८.१, मास्क २४ बिटांचा. तुम्ही मास्कची ओळ विसरलात, चुकीच्या जागी लिहिलीत, ती हाक फसली, काहीही झालं तरी उत्तर २४ च येणार. टेबलावर सगळं हिरवं. शॉप फ्लोअरवर १० चं नेटवर्क भेटलं की तोच प्रोग्रॅम ८ बिटांचा मास्क लावतो.

मग काय होतं? बोर्डला वाटतं, १० नं सुरू होणारं सगळं जग माझ्याच वायरवर आहे. शेजारचं मशिन १०.२०.३०.४१ खरंच वायरवर असतं, तिथे पिंग लागतो. सर्व्हर १०.५०.१.५ गेटवेच्या पलीकडे, पण बोर्ड गेटवेला विचारतच नाही. थेट "कोण आहे १०.५०.१.५?" अशी हाळी देत बसतो. कोणी ओ देत नाही.

बरोबर क्रम: आधी पत्ता, मग मास्क. मास्कची हाक एसआयओसी-एस-आयएफ-नेटमास्क, हेक्स ८९१सी.

उलट क्रमानं काय होतं ते बारकाईनं बघा, कारण "लाइट गेली की बंद पडतो" याचं उत्तर तिथे आहे.

कोऱ्या इंटरफेसवर आधी मास्क लिहिला. पत्ताच नाही, मास्क लावायचा कशाला? कर्नल ९९ देतो: पत्ता उपलब्ध नाही. आमच्या प्रोग्रॅमनं उत्तर तपासलंच नव्हतं. पुढच्या ओळीत पत्ता गेला, वर्गाप्रमाणे ८ बिट लागले. सर्व्हर तुटला.

आता तो मुलगा येतो आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवतो. या वेळी इंटरफेसवर पत्ता आहे, म्हणून मास्कची हाक यशस्वी होते, २४ बिट लागतात. मग पत्त्याची हाक. पण पत्ता तोच आहे, म्हणून कर्नल काहीही न बदलता यश परत करतो. मास्क २४ चाच राहतो. सर्व्हर जोडला गेला!

म्हणजे पहिल्यांदा चुकणारा आणि दुसऱ्यांदा बरोबर चालणारा प्रोग्रॅम. लाइट गेली की इंटरफेस कोरा, पुन्हा पहिली वेळ. महिनाभर आम्ही त्या वर्कशॉपला यूपीएस घ्या म्हणून सांगत होतो.

तपासणी: मास्क लिहिल्यावर लगेच तो परत वाचा, हेक्स ८९१बी. लिहिलेला आणि वाचलेला जुळला नाही तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका.

ब्रॉडकास्टचं काय? पत्त्यासोबत तो आपोआप बनतो आणि तो जुन्या मास्कशी जुळत असेल तर मास्क बदलताना कर्नल नवा काढून देतो. तुम्ही मधेच हातानं वेगळा लिहिलात (हेक्स ८९१ए) तर कर्नल त्याला हात लावत नाही. म्हणून लिहायचाच असेल तर मास्कनंतर. मी सहसा लिहीत नाही.

## टप्पा ७: इंटरफेस चालू करा

पत्ता दिला म्हणजे इंटरफेस चालू झाला असं लिनक्समध्ये होत नाही. आयएफकॉन्फिग ही आज्ञा पत्त्यासोबत तो चालूही करून देते, म्हणून हा गैरसमज पसरलाय. तुमच्या प्रोग्रॅमला ते वेगळं करावं लागतं, दोन हाकांत: आधी सध्याचे फ्लॅग वाचा, हेक्स ८९१३. मग त्यात १ हा चालूचा बिट मिळवून परत लिहा, हेक्स ८९१४.

वाचायची पायरी गाळू नका. फ्लॅग बसतात डब्याच्या १६ आणि १७ क्रमांकाच्या बाइटांत, म्हणजे जिथे मघाशी पत्त्याचं कुटुंब होतं त्याच जागी. ते युनियन आहे, एकाच खुर्चीवर आळीपाळीनं बसणारी मंडळी. न वाचता १ मिळवला तर कुटुंबाचे २ आणि तुमचा १ मिळून ३ जातात. इंटरफेस चालू होतो, पिंग लागतो, तुम्ही खूश. पण मल्टिकास्टचा बिट गळालेला असतो, आणि मल्टिकास्टवर चालणाऱ्या सेवा, उदाहरणार्थ डॉट-लोकल नावानं बोर्ड शोधणं, गप्प होतात. आठवडाभरानं कोणीतरी विचारतं, तेव्हा आठवतही नाही.

उलटही होतं. आधी फ्लॅग वाचले आणि मग त्याच डब्यात नुसता पत्ता भरून पाठवला, तर कुटुंबाच्या जागी फ्लॅगचा आकडा बसलेला असतो. कर्नल २२ देतो आणि तुम्ही पत्त्यात चूक शोधत बसता. डबा पुसून पुन्हा भरायचा तो यासाठी.

तपासणी: फ्लॅग पुन्हा वाचा. साध्या इथरनेटवर हेक्स १०४३ दिसलं तर चालू आणि वायरही लागलेली. १००३ दिसलं तर चालू आहे पण वायर नाही किंवा पलीकडचा स्विच बंद आहे. १००२ म्हणजे चालूच झालेला नाही. शॉप फ्लोअरवर १००३ दिसलं की कोड उघडायच्या आधी केबलची पिन दाबून बघा. कूलंटच्या ओलाव्यानं आणि मशिनच्या थरथरीनं त्या पिना फार छळतात.

## टप्पा ८: गेटवे सगळ्यात शेवटी

मास्क बदलताना कर्नल आतल्या आत पत्ता काढतो आणि नव्या मास्कसह परत घालतो. इंटरफेसवर तो एकुलता एक पत्ता असेल तर त्या क्षणी त्या इंटरफेसवरून जाणारे सगळे मार्ग पुसले जातात, गेटवेचा मार्गही. इंटरफेस बंद करून चालू केला तरी तेच. म्हणून गेटवे मास्कनंतर आणि चालू केल्यानंतरच.

हाक एसआयओसी-अ‍ॅड-आरटी, हेक्स ८९०बी. डबा वेगळा, आरटी-एंट्री नावाचा. तोही आधी पूर्ण शून्य करा. गंतव्य ०.०.०.०, मास्क ०.०.०.०, गेटवे १०.२०.३०.१, तिन्हींचं कुटुंब २. फ्लॅग ३, म्हणजे चालू आणि गेटवे.

- ९७ आलं तर गंतव्याचं कुटुंब भरायचं राहिलंय. "पत्ता शून्यच आहे, भरायचं काय" म्हणून लोक तो भाग सोडून देतात.
- १०१ आलं तर गेटवे तुमच्या सबनेटमध्ये नाही किंवा इंटरफेस अजून बंद आहे.
- १७ आलं तर तो मार्ग आधीच आहे. प्रोग्रॅम दुसऱ्यांदा चालवला की हे येणारच. डोळे झाकून "ठीक आहे" म्हणू नका. आहे तो मार्ग तुमच्याच गेटवेचा आहे का ते बघा.

## टप्पा ९: खरी तपासणी

पिंग शेवटी. आधी ही तीन कामं करा.

एक, प्रोग्रॅम एसट्रेसखाली (प्रोग्रॅमनं कर्नलला मारलेल्या हाका दाखवणारं साधन) चालवा आणि फक्त आयओसीटीएलच्या ओळी बघा. प्रत्येक ओळीत हाकेचं नाव, इंटरफेस, पत्ता आणि उत्तर, सगळं वाचता येण्यासारखं येतं. आमच्या चुकीच्या प्रोग्रॅमची पहिलीच ओळ "मास्क सेट करा, उत्तर उणे एक, पत्ता देता येत नाही" अशी होती. दहा सेकंदांत दिसली. एक महिना आधी चालवला असता तर.

दोन, "आयपी रूट गेट" या आज्ञेला गेटवेच्या पलीकडचा पत्ता द्या, म्हणजे आमच्या बाबतीत १०.५०.१.५. उत्तरात "व्हाया १०.२०.३०.१" दिसलं पाहिजे. व्हाया नसेल तर मास्क चुकलाय, पुढे बघायची गरजच नाही. ही आज्ञा पाकीट पाठवत नाही, फक्त कर्नल काय ठरवेल ते सांगते. त्यामुळे ती नेमस्पेसमध्येही चालते, सर्व्हर नसतानाही.

तीन, कोऱ्या नेमस्पेसमध्ये एकदा चालवा, निकाल लिहा. तिथेच दुसऱ्यांदा चालवा, निकाल लिहा. गेटवेच्या हाकेचा १७ सोडला तर दोन्ही निकाल तंतोतंत सारखे नसतील तर तुमचा क्रम कुठेतरी चुकलाय.

प्रत्यक्ष जागेवर आणखी एक. हातानं दिलेला आयपीव्ही४ पत्ता दुसरं कोणी वापरतंय का हे कर्नल तपासत नाही. अरपिंग या साधनाच्या डुप्लिकेट शोधण्याच्या पर्यायानं आधी बघा. आणि जुना बोर्ड काढून त्याच पत्त्याचा नवा बसवला असेल तर शेजारची यंत्रं काही काळ जुन्याच मॅक पत्त्यावर पाकिटं पाठवत राहू शकतात, कारण पत्ता बदलल्याची दवंडी लिनक्स मुळात पिटत नाही. ती अरपिंगनं पिटा, किंवा एआरपी-नोटिफाय ही सेटिंग १ करून ठेवा.

## आयओसीटीएल सोडून नेटलिंककडे कधी जायचं

एका इंटरफेसवर एकापेक्षा जास्त पत्ते हवे असतील, किंवा पत्ता आणि मास्क यांच्यामधला तो चुकीचा क्षणही नको असेल, तर नेटलिंक (कर्नलशी निरोपांनी बोलायची दुसरी वाट) वापरा. तिथे पत्ता आणि बिटांची संख्या एकाच निरोपात जातात, वर्गांचा खेळच नाही. नवीन काम सुरू करत असाल तर माझं मत सरळ नेटलिंकच्या बाजूनं. जुना कोड सांभाळायचा असेल तर वरचे टप्पे.

निरोपाची मांडणी: १६ बाइटांचं शीर्षक, ८ बाइटांची पत्त्याची माहिती, मग ८-८ बाइटांचे दोन गुणधर्म, स्थानिक पत्ता आणि पत्ता. बेरीज योगायोगानं इथेही ४०. निरोपाचा प्रकार २०, म्हणजे नवा पत्ता. इंटरफेस इथे नावानं नाही, क्रमांकानं द्यायचा. तो आधी हेक्स ८९३३ या हाकेनं विचारून घ्या.

नेहमीच्या चुका इथेही आहेतच. गुणधर्माच्या लांबीत त्याचं स्वतःचं ४ बाइटांचं शीर्षकही धरायचं, म्हणजे ८ लिहायचे, ४ नाही. स्थानिक पत्त्याचा गुणधर्म गाळला तर २२. ब्रॉडकास्ट इथे आपोआप लागत नाही, हवा असेल तर तिसरा गुणधर्म जोडा. आणि पाठवण्याची हाक यशस्वी झाली म्हणजे पत्ता लागला असं नाही. पोस्टात पत्र टाकलं, एवढंच. निरोपात पोच मागा, ती वाचा, आणि तिच्यातला चुकीचा आकडा शून्य आहे का बघा. पोच न वाचणारा नेटलिंक प्रोग्रॅम आणि उत्तर न तपासणारा आयओसीटीएल प्रोग्रॅम एकाच माळेचे मणी.

आयपीव्ही६ साठी वरचा ४० बाइटांचा डबा चालत नाही. त्याचा डबा २४ बाइटांचा: १६ पत्त्याचे, ४ बिटांच्या संख्येचे, ४ इंटरफेसच्या क्रमांकाचे, आणि सॉकेटही आयपीव्ही६ चा लागतो. पण त्यासाठी आयओसीटीएल शिकत बसू नका, नेटलिंकच घ्या.

## आकडा आला, आता काय

बाकीचे आकडे त्या त्या टप्प्यात आलेच आहेत. हे चार कुठल्याही टप्प्यात येऊ शकतात, म्हणून वेगळे:

- १: अधिकार नाही. नुकतंच कंपाइल केलंत का?
- ९: सॉकेटचा क्रमांक चुकीचा. असेम्ब्लीत बहुधा आरएएक्समधलं उत्तर जपून ठेवायच्या आधीच तिथे पुढच्या हाकेचा क्रमांक लिहिलात.
- १४: डब्याचा पत्ता चुकीचा. डबा पाठवायचा नाही, डबा कुठे आहे ते पाठवायचं.
- २५: त्या फाइलला ही हाक कळत नाही. सॉकेटऐवजी भलताच डिस्क्रिप्टर दिलाय, किंवा हाकेचा हेक्स आकडा दशमान म्हणून टाइप झालाय.

त्या वर्कशॉपमध्ये दोन ओळींची अदलाबदल केली, प्रत्येक हाकेचं उत्तर लॉगमध्ये लिहायला लावलं, आणि तिथल्या सुपरवायझरला मेन स्विच पाच वेळा बंद-चालू करायला सांगितला. पाचही वेळा सर्व्हर जोडला गेला. यूपीएस त्यांनी तोवर घेऊन ठेवला होता.